टॉवेल कारखान्यातले सहा संगणक आणि फुकटच्या सॉफ्टवेअरची भीती

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी विचारलंय: ऑफिसात सहा संगणक आहेत, सगळे दहा-अकरा वर्षांचे. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून दुकानदार सहाही बदलायला सांगतो. पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो, 'मामा, लिनक्स टाका, पैसा लागत नाही.' (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी, संगणक चालवणारी मूळ प्रणाली.) आणि मालकांच्या वाचनात आलंय की अशाच एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी दोन वर्षं बसून चोरवाट खणली होती. त्यांचे शब्द असे: 'ज्यांचं नाव-गाव माहीत नाही त्यांच्या वस्तूवर धंदा कसा सोडायचा? आणि अडलं तर फोन कुणाला लावायचा?'

मालक, सोलापुरात मी बावीस वर्षं हेच काम करतोय. चादरीचे आणि टॉवेलचे कारखाने, दवाखाने, पतसंस्था, छापखाने, दोन शाळा. थोडक्यातलं उत्तर आधी देतो: तुमच्या सहापैकी चार मशीन लिनक्सवर आरामात जातील, एक नवीन घ्यावं लागेल आणि एक आहे तसंच, पण इंटरनेटची वायर काढून, ठेवावं लागेल. कुठलं कसं ते पुढे लिहितो. पण तुमचा खरा प्रश्न भीतीचा आहे, आणि त्यावर 'काही होत नाही हो, टाका बिनधास्त' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. म्हणून ते सविस्तर लिहितो.

सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतरही ते रोज सकाळी सुरू होतंय, ते तुम्ही बघताच आहात. फक्त आता त्यात नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कंपनीकडून कुणी येणार नाही. हे किती महागात पडतं ते १२ मे २०१७ ला जगाने पाहिलं. वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ते तेव्हा मिळतच नव्हतं, ते सापडले. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत पेशंटना परत पाठवावं लागलं.

अपडेटची वाढीव मुदत विकत घेता येते. घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, कंपन्यांना जास्तीत जास्त तीन वर्षं. कंपन्यांसाठीचा दर पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तीन वर्षांचे मिळून एका मशीनचे ४२७ डॉलर होतात, आणि एवढं करून तुमचं अकरा वर्षांचं मशीन चौदा वर्षांचं झालेलं असतं. हा खर्च मी तुम्हाला करू देणार नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी २०१७ साली आली, तुमची मशीन त्याआधीची. अट चुकवून विंडोज ११ बसवून देणारे आपल्याकडे आहेत आणि ते चालतंही, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरच्या लॅपटॉपवर कुणी केलं तर मी काही बोलत नाही. पगारपत्रक ज्यावर आहे त्या मशीनवर करू नका.

आता चोरवाटेची गोष्ट. ती तुम्ही अर्धी वाचलीय, आणि उरलेली अर्धी जास्त महत्त्वाची आहे.

एक्सझेड नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. फाइल दाबून लहान करणं एवढंच त्याचं काम, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये ते आत कुठेतरी असतंच. ते अनेक वर्षं मुख्यत्वे एकच माणूस सांभाळत होता, नोकरी म्हणून नव्हे, आवडीने. २०२१-२२ च्या सुमारास 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आलं. बारीकसारीक दुरुस्त्या पाठवायचे, चांगल्या पाठवायचे. त्याच काळात आणखी काही नावांनी त्या सांभाळणाऱ्याला पत्रं येऊ लागली: काम फार हळू चाललंय, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्याने २०२२ च्या जूनमध्ये सगळ्यांसमोर लिहिलं की आपल्याला मानसिक त्रास आहे आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे. शेवटी त्याने जिया टॅनला अधिकार दिले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांच्यात चोरवाट होती. ज्याच्याकडे त्या वाटेची किल्ली, तो जगातल्या असंख्य सर्व्हरांत पासवर्डशिवाय शिरू शकला असता.

पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, पण काम पोस्टग्रेस या खुल्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा, डेटाबेसवर. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या चाचणीच्या मशीनवर काही वेग मोजताना त्याला दिसलं की दूरच्या मशीनमध्ये लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! शेडमध्ये उभा राहिलेला जुना जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा, मागाचा आवाज बदलला की कुठला नंबर बिघडलाय ते न बघता सांगतो, तसंच हे. त्याने सोडून दिलं नाही. खोलात गेला, कोड उघडून बघितला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळ्यांना कळवलं. डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांच्या नेहमीच्या, स्थिर आवृत्त्यांत ते गेलेलंच नव्हतं. जिया टॅन कोण होतं ते आजही जाहीर झालेलं नाही.

मला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, त्याला कोड उघडून बघता आला. कुलूपबंद सॉफ्टवेअरमध्ये हाच अर्धा सेकंद जास्त लागला असता तर त्याने कंपनीला एक तक्रार केली असती आणि उत्तराची वाट बघितली असती. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. भोक आधी कोडमध्ये पडलं नव्हतं, ते एका दमलेल्या माणसात पडलं होतं. त्याच्या कामावर जग उभं होतं आणि त्याला कुणी चहाही विचारला नव्हता. त्याला घाईची पत्रं पाठवणाऱ्यांना कुणीतरी तेव्हाच 'अहो, त्यांना श्वास घेऊ द्या' म्हणायला हवं होतं. असं म्हणणारे लोक जिथे असतात, ते सॉफ्टवेअर मी पेशंटच्या फायली ठेवायलाही वापरतो.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं. बँकांच्या वेबसाइटवर कुलपाचं चिन्ह दिसतं, त्या कुलपातला बराच भाग ओपनएसएसएलचा. तेव्हा कळलं की या कामाला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसे घालायला सुरुवात केली. आपल्याकडे झेरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मला ती बातमी वाचून फार बरं वाटलं होतं. जे वापरतात त्यांनी द्यायला सुरुवात केली.

आता याच्या शेजारी दुसरी एक बातमी ठेवा. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक चुकलेलं अपडेट गेलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ही कंपनी नावाजलेली, पैसे मोजून घेतलेली, फोन लावला तर उचलणारी. हे लिहून मला असं म्हणायचं नाही की विकतचं ते वाईट. माझ्या ऑफिसातही विकतची सॉफ्टवेअरं आहेत. पण पावती आहे म्हणून सुरक्षित आणि पावती नाही म्हणून धोक्याचं, असा हिशेब मांडला तर तो चुकेल.

'नाव-गाव नसलेले लोक' याबद्दलही थोडं. लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला आपण एक छोटी प्रणाली लिहितोय असं कळवलं, तेव्हा तो फिनलंडमधला विद्यार्थी होता. आज त्या लिनक्सच्या गाभ्यातला बहुतेक कोड इंटेल, गुगल, रेड हॅट यांसारख्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर लिहितात, आणि प्रत्येक बदलावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आपल्या संरक्षण मंत्रालयानेही २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेली 'माया' नावाची प्रणाली आणली. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर कित्येक वर्षं यावरच शिकतात.

तरी 'अडलं तर कुणाला?' हा प्रश्न उरतोच. त्यासाठी चाटी गल्लीतला एक प्रसंग सांगतो.

एक जुनी कापड पेढी. हिशेबाचं सॉफ्टवेअर एका छोट्या कंपनीकडून घेतलेलं, रीतसर पैसे भरून, दरवर्षी सपोर्टचे वेगळे. संगणकाच्या मागे एक डोंगल, म्हणजे कुलपाची छोटी किल्ली, लावलेली असायची. ती काढली की सॉफ्टवेअर उघडत नाही. मे महिन्यातली दुपार, बाहेर त्रेचाळीस अंश, लाइट गेली आणि येताना जोरात आली. यूपीएस जुना होता. मशीन वाचलं, हार्डडिस्क वाचली, डोंगल जळालं. मी कंपनीला फोन लावला तर तो नंबर बंद. पत्त्यावर ओळखीच्या माणसाला पाठवलं, तिथे दुसरंच दुकान होतं. अकरा वर्षांचा हिशेब त्या हार्डडिस्कमध्ये धडधाकट पडून होता, बॅकअपही होता, पण ती फाइल दुसऱ्या कशातही उघडत नव्हती. शेवटी वर्षअखेरीला काढलेली छापील खातेवहीची पानं माळ्यावरून खाली आणली. मालकांच्या दोन्ही सुना आणि माझ्याकडचा एक मुलगा, तिघं नऊ दिवस बसून येणं-देणं टाइप करत होते. वयस्कर मालक बाजूला तक्क्याला टेकून एकेक नाव वाचून सांगायचे. मधेच थांबायचे, 'हा गेला, ह्याचं राहू दे,' म्हणायचे आणि पान उलटायचे.

त्या दिवसापासून मी कुठलंही सॉफ्टवेअर बसवताना पहिला प्रश्न हाच विचारतो: उद्या हे बनवणारा नसला तर माझा माल मला बाहेर काढता येईल का? फोन उचलणारा कोण हे मी त्यानंतर बघतो. मालक, तुम्हीही हाच क्रम ठेवा, सॉफ्टवेअर विकतचं असो की फुकटचं. टॅली वापरता ना? वापरा, चांगलं आहे, पण दर महिन्याला खातेवही आणि येणे-बाकी एक्सेलमध्ये आणि पीडीएफमध्ये काढून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

खुल्या सॉफ्टवेअरमध्ये याचं उत्तर जन्मापासूनच आत असतं. वर्ड-एक्सेलसारखी कामं करणाऱ्या ओपनऑफिसचं उदाहरण घ्या. ते ज्या सन कंपनीकडे होतं, ती २०१० साली ओरॅकलने घेतली. ओपनऑफिसवर काम करणाऱ्यांना पुढची खात्री वाटेना, म्हणून २८ सप्टेंबर २०१० ला ते वेगळे झाले आणि त्याच कोडवर लिब्रेऑफिस सुरू केलं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, दोन भाऊ वेगळे झाले की मागांची वाटणी होते. चोवीस माग असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा. इथे वेगळं होणारा पूर्ण चोवीसच्या चोवीस माग घेऊन जातो आणि मागे राहिलेल्याचे चोवीसही तसेच राहतात. वापरणाऱ्याची एक फाइलही अडत नाही. लिब्रेऑफिस ज्या ओडीएफ प्रकारात फाइल ठेवतं, तो २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक आहे. त्यात ठेवलेलं पगारपत्रक उघडायला कुठल्या एका कंपनीची परवानगी लागत नाही.

आता तुमची सहा मशीन. तुम्ही कामं लिहिली आहेत त्यावरून सांगतो.

हिशेबाच्या टेबलासाठी नवीन मशीन घ्या, विंडोज ११ वालं. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं आणि तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असल्यामुळे जीएसटी रिटर्नला डिजिटल सहीचं टोकन लागतं. लिनक्सवर हे जुळवता येतं म्हणणारे भेटतील. मीही करून पाहिलंय. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, वीस तारखेला, रात्री साडेनऊ वाजता टोकन ओळखलं जात नाही तेव्हा त्या बचतीचा पश्चात्ताप होतो. जिथे तारीख चुकली की दंड लागतो, तिथे मी प्रयोग करत नाही.

डिझाइनच्या मशीनला अजिबात हात लावायचा नाही. जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचं, डिझाइन सॉफ्टवेअर विंडोजचं, त्यालाही डोंगल, आणि तुमच्या मागाच्या कंट्रोलरला समजणारी फाइल तेच काढतं. त्या मशीनची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, डिझाइन पेन ड्राइव्हने न्या-आणा आणि तो पेन ड्राइव्ह दुसरीकडे कुठेही लावू नका. हार्डडिस्कची पूर्ण नक्कल काढून कपाटात ठेवा. डोंगल जुनं झालं असेल तर कंपनी अजून सुरू आहे तोवर बदलून मागा. का ते चाटी गल्लीवरून लक्षात आलं असेल.

राहिली चार: तुमचं स्वतःचं, डिस्पॅचचं, हजेरी-बटवड्याचं आणि फाटकावरचं. डिस्पॅचवाला दिवसभर ब्राउझरमध्येच असतो, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची वेबसाइट, मेल. फायरफॉक्स किंवा क्रोम उघडलं की त्याला खाली विंडोज आहे की लिनक्स हे कळणारही नाही. चारही मशीनवर मी लिनक्स मिंट टाकीन, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पण त्याआधी चारही मशीनची जुनी फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क, बसवा आणि रॅम चारची आठ जीबी करा. खरं सांगायचं तर मशीन जुनं झाल्याची निम्मी तक्रार त्या हार्डडिस्कची असते. काढलेल्या हार्डडिस्क फेकू नका, सहा महिने तशाच ठेवा. एखादी फाइल राहिली की त्यातून काढता येते.

टाकण्याआधी मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, आतल्या विंडोजला धक्का न लावता. तसं चालू करून तिथल्या तिथे तीन गोष्टी तपासा. प्रिंटर: एचपीचे बहुतेक लगेच ओळखले जातात, बिलाच्या डॉट मॅट्रिक्सलाही सहसा अडचण येत नाही, पण घरोघरी असलेल्या काही छोट्या लेझर प्रिंटरना लिनक्स मानवत नाही, तसा निघाला तर तो नव्या मशीनला जोडून नेटवर्कवर शेअर करायचा. हजेरीचं अंगठ्याचं मशीन: त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं का बघा. नवीन मशीनचं उघडतं, जुन्याला विंडोजचंच सॉफ्टवेअर लागतं, मग तेवढं काम हिशेबाच्या टेबलावर न्यावं लागेल. आणि तिसरी गोष्ट मराठी.

मराठीवर थोडा थांबतो, कारण खोळंबा इथेच होतो आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही. तुमच्याकडची बटवड्याची जुनी पत्रकं आणि कामगारांच्या नोटिसा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात असणार. त्या फॉन्टात 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते अक्षर भलतंच असतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की पानभर आडवीतिडवी चिन्हं. हा लिनक्सचा दोष नाही, नव्या विंडोजवरही तेच होईल. परिवर्तक, म्हणजे जुना फॉन्ट बदलून देणारं सॉफ्टवेअर, वापरून सगळ्या फायली एकदाच युनिकोडमध्ये करून घ्या. जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात, विशेषतः नावांमधले. आपल्याकडे कामगारांची नावं तेलुगू, कन्नड वळणाची. परिवर्तकाने आडनाव बिघडवलं आणि तसंच ते पगारपत्रकावर छापलं गेलं तर त्या माणसाला बँकेत हेलपाटे घालावे लागतात.

मिंटमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. फॉन्टासाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या. दोन्ही खुले आहेत, छापायला, जाहिरातीला, कशालाही वापरा. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' ठेवायला विसरू नका. ती हिंदी राहिली तर अनेक फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मराठी केली की आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी हे बघून मागची दोन वर्षांची सगळी प्रमाणपत्रं पुन्हा छापून घेतली होती. त्यांचं मला फार पटलं.

आता फोनचा प्रश्न. रोजच्या अडचणीला सोलापुरात माणसं आहेत. वर्षाचा करार करा, त्याचे पैसे द्या, लिनक्स आहे म्हणून काम फुकट होईल अशी अपेक्षा ठेवू नका. सॉफ्टवेअर फुकट असतं, माणसाची दुपार नसते. त्यापलीकडचं ऑनलाइन विचारायचं. मिंटचे, लिब्रेऑफिसचे वापरणारे जगभर आहेत आणि अनोळखी माणसाला मदत करण्यात त्यांना खरोखर आनंद असतो. पण विचारण्याची एक पद्धत आहे. तुमच्या भाच्याने मला पाठवलेला नमुना असा होता: 'प्रिंटर चालत नाही, अर्जंट मदत करा.' यावर कुणी काय सांगणार? तेच असं लिहा: 'मिंट २२, एक्सएफसीई. प्रिंटर अमुक मॉडेल, यूएसबीने जोडलेला. कालपर्यंत छापत होता, आज अपडेट घेतल्यावर रांगेत काम दिसतं पण कागद ओढत नाही. वायर बदलून पाहिली, प्रिंटर काढून पुन्हा जोडला. पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा खाली देतोय.' याला बहुतेक वेळा उत्तर येतं. आणि सुटलं की काय केल्याने सुटलं ते तिथेच दोन ओळी लिहा. पुढच्या वर्षी बार्शीतला किंवा इचलकरंजीतला कुणीतरी तीच अडचण घेऊन तिथे येणार असतो.

भाच्याला दोन गोष्टी बजावून सांगा. कुणी अनोळखी म्हणाला की 'तुमचा स्क्रीन मला द्या, मी दुरुस्त करतो', तर नाही म्हणायचं, कितीही गोड बोलला तरी. आणि एआयला विचारून मिळालेला आदेश अर्थ न कळता टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करून देण्याच्या खिडकीत, टाकायचा नाही. मागच्या वर्षी इंजिनिअरिंगच्या एका मुलाने जागा मोकळी करायला म्हणून असाच आदेश चालवला आणि त्याच्या प्रोजेक्टचा फोल्डर गेला. सबमिशनला चार दिवस होते. डिस्कवरून मला निम्मं परत मिळालं, उरलेलं त्याने रात्री जागून पुन्हा लिहिलं. तो माझ्या दुकानात बसून रडला होता, ते मी विसरलेलो नाही. एआय उत्तर देताना कधीच अडखळत नाही, म्हणून जास्त जपायचं. ते सांगेल तो आदेश आधी दुसऱ्या ठिकाणी शोधून बघायचा, आणि त्याच्याही आधी बॅकअप घ्यायचा.

सहा मशीनचे पैसे काढून ठेवले होते ना तुम्ही? त्यातले बरेच वाचतील. त्यातून दरवर्षी थोडी रक्कम मिंटला आणि लिब्रेऑफिसच्या डॉक्युमेंट फाउंडेशनला पाठवा, जमेल तेवढी. ज्याने एक्सझेड एकट्याने ओढलं, त्याच्यासारखे अजून कितीतरी आहेत. पैशाशिवायही देता येतं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी आवाज गोळा होतात, केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पाच्या भाषादानमध्येही. तुमच्या शेडमधले लोक बोलतात ती सोलापुरी मराठी, हेलासकट, त्यात फार थोडी असणार. उद्या मराठी बोलून चालणारं मशीन आलं तर त्याला आपलं बोलणं कळायला हवं. जेवणाच्या सुट्टीत चार वाक्यं वाचली तरी ती कामी येतात.

सुरुवात फाटकावरच्या मशीनपासून करू. तिथे फक्त आवक-जावक नोंदवली जाते, एक दिवस बंद राहिलं तर वहीत लिहिता येतं. ते पंधरा दिवस नीट चाललं की डिस्पॅच, मग बटवडा, आणि तुमचं सगळ्यांत शेवटी. महिनाअखेरीला काहीच बदलायचं नाही. तोवर भाच्याला सांगून चारही मशीनच्या मागच्या स्टिकरचे आणि प्रत्येक प्रिंटरच्या मॉडेल नंबरचे फोटो काढून ठेवा, आणि बटवड्याच्या जुन्या फायलींपैकी एक पेन ड्राइव्हवर घेऊन या. कुठला फॉन्ट आहे ते बघू. पेन ड्राइव्ह नवा घ्या, डिझाइनच्या मशीनचा आणू नका.